जुन्या गेमिंग संगणकासाठी नवा प्रोसेसर निवडताना

२०१८ ते २०२० या काळात आपल्याकडे सुटे भाग आणून जोडलेल्या गेमिंग संगणकांत एक संच हमखास दिसे: रायझन ५ २६०० किंवा ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि मधल्या किमतीचे ग्राफिक्स कार्ड. पुढे अनेकांनी ग्राफिक्स कार्ड बदलले, मॉनिटरही १४४ हर्ट्झचा घेतला, प्रोसेसर मात्र जुनाच राहिला. आता नव्या खेळांत गर्दीच्या ठिकाणी चित्र अडखळू लागले की अख्खा संगणकच मोडीत काढावा की काय, असा प्रश्न पडतो. बहुतेक वेळा तशी गरज नसते. रायझन बनवणाऱ्या एएमडीने एएम४ हे सॉकेट (बोर्डावरील प्रोसेसर बसवण्याची जागा) इतकी वर्षे चालवले, की २०१८ च्या बोर्डावर २०२४ मध्ये बाजारात आलेला प्रोसेसरही बसू शकतो. या लेखात मुख्यतः अशाच संगणकाचा विचार केला आहे. इंटेलच्या बोर्डांबाबत जे वेगळे आहे, ते पुढे थोडक्यात दिले आहे.

प्रोसेसरच कमी पडतो आहे का?

खेळातील प्रत्येक फ्रेम दोन टप्प्यांतून तयार होते. पात्रांच्या हालचाली, वस्तूंच्या टकरी, शत्रूंचे निर्णय आणि नेटवर्कवरून आलेली माहिती यांचा हिशेब करून काय काय चितारायचे याची यादी प्रोसेसर बनवतो, आणि त्या यादीनुसार ग्राफिक्स कार्ड प्रत्यक्ष चित्र काढते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९. दोघांपैकी जो मागे राहील, त्याच्या गतीने खेळ चालतो. रेझोल्यूशन वाढवले की ग्राफिक्स कार्डाचे काम वाढते, प्रोसेसरचे मात्र जवळपास तेवढेच राहते. म्हणून ४के मॉनिटरवर ६० फ्रेमने कथाप्रधान खेळ खेळणाऱ्याच्या हाती प्रोसेसर बदलून फारसे काही लागत नाही, तर १०८०पी रेझोल्यूशनवर व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला त्याच बदलाने मोठा फरक जाणवतो.

हे अंदाजाने ठरवू नये, मोजावे. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर ही साधने मोफत आहेत; खेळ चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात ग्राफिक्स कार्डाचा वापर, फ्रेमची संख्या आणि प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ ती दाखवतात. मोजण्यापूर्वी व्ही-सिंक (फ्रेमची गती मॉनिटरच्या गतीशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमवरची मर्यादा बंद करावी, कारण मर्यादा चालू असेल तर ग्राफिक्स कार्ड निवांत बसलेले दिसणारच. नंतर जिथे खेळ अडखळतो तीच जागा गाठावी. बाल्डर्स गेट ३ मध्ये तिसऱ्या अंकातील शहर, सायबरपंक २०७७ मध्ये गर्दीचा बाजार, अशा जागा प्रोसेसरची कसोटी पाहतात. तिथे ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर प्रोसेसर निर्दोष आहे. तो ६०-७० टक्क्यांवर उतरला आणि फ्रेमही कमी झाल्या, तर संशय प्रोसेसरवर किंवा रॅमवर जातो.

या वेळी टास्क मॅनेजरमधील प्रोसेसरचा एकूण वापर पाहून फसू नये. रायझन ५ २६०० मध्ये ६ कोर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारे कामाचे धागे) आहेत. खेळाचा मुख्य थ्रेड एकाच कोरवर पूर्ण क्षमतेने धावत असला आणि बाकीचे अर्धवट रिकामे असले, तर एकूण आकडा ३५-४० टक्के दिसतो, आणि 'प्रोसेसर तर निम्माही वापरात नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. खात्रीची दुसरी चाचणी सोपी आहे: खेळाचे रेझोल्यूशन ७२०पी पर्यंत खाली आणावे. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत, तर अडथळा ग्राफिक्स कार्डात नाही हे सिद्ध झाले. इंटरनेटवर दोन भागांची नावे टाकली की 'बॉटलनेक'ची, म्हणजे एका भागामुळे दुसरा किती अडतो याची, टक्केवारी सांगणारी संकेतस्थळे असतात. तुम्ही कोणता खेळ, कोणत्या सेटिंगवर खेळता हे त्यांना ठाऊकच नसते, तेव्हा त्या आकड्यांवर पैसे खर्च करू नयेत.

मोजताना सरासरीपेक्षा सर्वांत संथ १ टक्का फ्रेमचा आकडा अधिक बोलका असतो. सरासरी ९० आणि संथ फ्रेम ३५ असा खेळ हाताला अडखळतच जाणवतो, आणि प्रोसेसर बदलल्यावर सर्वांत आधी सुधारतो तो हाच आकडा.

प्रोसेसरवर ठपका ठेवण्याआधी रॅम तपासावी. १६ जीबीची एकच पट्टी लावलेली असेल तर मेमरीचा निम्माच मार्ग वापरला जातो. ८ जीबीच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत असाव्यात. ३२०० गतीची रॅम घेऊनही बायॉसमध्ये (बोर्डावरील मूळ प्रोग्राममध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण गतीने चालवणारी सेटिंग, चालू केले नसेल, तर ती बहुधा २१३३ किंवा २४०० वरच धावत असते. रायझनमध्ये प्रोसेसरच्या आतील भागांना जोडणाऱ्या दुव्याची गती रॅमच्या गतीशी बांधलेली असल्यामुळे या चुकीची किंमत दुहेरी मोजावी लागते. एक्सएमपी चालू करायला एक पैसाही लागत नाही, आणि कधी कधी तेवढ्यानेच खरेदी वर्षभर पुढे ढकलता येते.

बोर्ड काय स्वीकारतो

प्रोसेसरची यादी दुकानात नव्हे, आपल्या मदरबोर्डाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहावी. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्राममध्ये बोर्डाचे नेमके नाव आणि बायॉसची आवृत्ती दिसते. ते नाव उत्पादकाच्या पानावर शोधले की कोणता प्रोसेसर कोणत्या आवृत्तीपासून चालतो, याचा तक्ता मिळतो. नावातील एखाद्या अक्षराच्या फरकाने बोर्ड वेगळा ठरतो, म्हणून ते जसेच्या तसे टिपून घ्यावे. बी४५० आणि एक्स४७० बोर्डांवर रायझन ५००० मालिका चालते. ए३२०, बी३५० आणि एक्स३७० या त्याहून जुन्या बोर्डांना एएमडीने २०२२ मध्ये तशी मुभा दिली, परंतु प्रत्येक उत्पादकाने प्रत्येक बोर्डासाठी बायॉस काढले असेलच असे नाही. तिथे तक्त्यात नाव नसेल तर धोका पत्करू नये. शिवाय स्वस्त ए३२० बोर्डांवरील वीजनियंत्रक भाग तुटपुंजे असतात. त्यांवर ६५ वॉटचा ६ कोरचा प्रोसेसर ठीक, १०५ वॉटचा नको.

बायॉस अद्ययावत करण्याचे काम जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच उरकावे. नवा प्रोसेसर बसवला आणि पडदा काळाच राहिला, तर पुन्हा सगळे उघडावे लागते. काही बोर्डांना पेनड्राइव्हवरून प्रोसेसरशिवाय बायॉस भरण्याचे बटण असते. ते असल्यास उत्तम. बोर्डावरील बायॉसची चिप १६ एमबीची असेल, तर नव्या प्रोसेसरना जागा करून देण्यासाठी काही उत्पादक अगदी जुन्यांचा आधार काढून टाकतात, म्हणून त्या आवृत्तीखालील टीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि हे काम चालू असताना वीज जाता कामा नये. ज्या गावी भारनियमन आहे किंवा वळवाच्या पावसात दिवे जातात, तिथे यूपीएस लावल्याशिवाय बायॉसला हात लावू नये. अर्धवट भरलेल्या बायॉसमुळे चांगला बोर्ड निकामी होऊ शकतो.

कोणता घ्यावा

रायझन ५००० मालिकेत खेळांच्या दृष्टीने जो मोठा बदल झाला, तो कोरच्या संख्येत नव्हता. ३००० मालिकेत कोरचे दोन गट असत आणि प्रत्येक गटाकडे १६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतील वेगवान मेमरी) असे. एका गटाला दुसऱ्याकडची माहिती हवी असली की वळसा घालावा लागे. ५००० मालिकेत आठही कोर एकाच गटात आले आणि ३२ एमबी कॅश सर्वांची सामायिक झाली. खेळांत तीच ती माहिती क्षणोक्षणी लागते, ती रॅममधून आणावी लागली की प्रोसेसर वाट पाहत थांबतो. म्हणून कॅश जवळ आणि मोठी असणे खेळांना फार मानवते. हे एकदा लक्षात घेतले की पुढील निवड सोपी होते.

रायझन ५ ५६०० हा बहुतेकांसाठी पुरेसा आहे. ६ कोर, ३२ एमबी कॅश, ६५ वॉट, आणि पेटीत कूलरही मिळतो. २६०० किंवा १६०० वरून येणाऱ्याला यानेच संगणक नवा वाटेल. त्याच्या शेजारी थोड्या कमी किमतीत ५५०० ठेवलेला असतो, आणि नावावरून दोघांत थोडाच फरक असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो लॅपटॉपच्या चिपवरून बेतलेला आहे, त्याची कॅश १६ एमबी आहे आणि ग्राफिक्स कार्डासाठीचा मार्गही पीसीआयई ३.० या जुन्या, संथ आवृत्तीपुरताच आहे. किमतीत मोठी तफावत असल्याशिवाय तो घेऊ नये. हाच सापळा वरच्या पायरीवरही आहे: ५७००एक्स ची कॅश ३२ एमबी, तर नावात एक्स नसलेल्या ५७०० ची १६. माझ्या मते या मालिकेतील नावे ग्राहकाला गोंधळात टाकणारीच आहेत, आणि काउंटरवर 'दोन्ही सारखेच' असे उत्तर मिळाले तर त्यावर विसंबू नये.

५७००एक्स मध्ये ८ कोर आहेत. खेळताना त्याच संगणकावरून थेट प्रक्षेपण करणाऱ्याला किंवा व्हिडिओ संपादन करणाऱ्याला ते जादा दोन कोर उपयोगी पडतात; नुसत्या खेळांत ५६०० आणि ५७००एक्स यांच्यातील अंतर थोडेच असते. १२ कोरचा ५९००एक्स खेळांसाठी घेण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण त्याचे कोर सहा-सहाच्या दोन चिपांत विभागलेले आहेत.

खरी उडी ५८००एक्स३डी किंवा ५७००एक्स३डी घेण्यात आहे. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ५८००एक्स३डी मध्ये एएमडीने प्रोसेसरच्या चिपवर ६४ एमबी कॅशचा आणखी एक थर चढवला आणि एकूण कॅश ९६ एमबी केली. त्याचे कमाल क्लॉक ४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे साध्या ५८००एक्स पेक्षा कमीच आहे. तरीही खेळांत तो पुढे राहतो. जानेवारी २०२४ मध्ये आलेला ५७००एक्स३डी हा त्याचाच ४.१ गिगाहर्ट्झवर चालणारा भाऊ आहे. मात्र हा लाभ सर्व खेळांत सारखा मिळत नाही. फ्लाइट सिम्युलेटर, मोटारशर्यतींची सिम्युलेशन, मोठ्या नकाशांचे रणनीतीचे खेळ आणि शेकडो खेळाडू एकत्र येणारे ऑनलाइन खेळ यांत तो ठळक दिसतो. ग्राफिक्स कार्डावर भार टाकणाऱ्या खेळांत जेमतेम. कार्यालयीन कामे किंवा व्हिडिओ रेंडर करणे यांसाठी जादा कॅशचा उपयोग क्वचितच होतो. हे प्रोसेसर नवे मिळणे आता अवघड झाले आहे आणि वापरलेल्यांनाही चढा भाव असतो. म्हणून माझी शिफारस अशी: मॉनिटर १४४ हर्ट्झचा किंवा त्याहून वरचा असेल, वर सांगितलेल्या प्रकारचे खेळ खेळत असाल आणि पुढील चार वर्षे बोर्ड बदलण्याचा विचार नसेल, तरच एक्स३डी च्या मागे लागावे. ज्याच्याकडे आज ३६०० आहे, त्याने मात्र ५६०० घेण्यापेक्षा एकतर थेट एक्स३डी घ्यावा किंवा थांबावे. मधली पायरी त्याच्यासाठी फार लहान आहे.

ग्राफिक्स कार्डही बदलायचे असेल तर दोन्हींचा एकत्र विचार करावा. इंटेलचे आर्क बी५८० कार्ड किमतीच्या मानाने चांगले असले तरी त्याच्या ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचा) भार प्रोसेसरवर अधिक पडतो, आणि २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरसोबत ते आपली क्षमता दाखवू शकत नाही.

एएम५ कडे कधी वळावे

सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ रॅम चालते. म्हणजे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम असा तिहेरी खर्च येतो, आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढल्यापासून या हिशेबात रॅमचाच वाटा डोईजड झाला आहे. तुलना करताना प्रोसेसरची प्रोसेसरशी करू नये. एका बाजूला ५६०० ची किंमत वजा जुन्या प्रोसेसरचे येणारे पैसे, आणि दुसऱ्या बाजूला तिन्ही नव्या भागांची बेरीज वजा जुन्या संचाचे येणारे पैसे, असे कागदावर मांडावे. बोर्ड बदलला की विंडोजचा परवाना पुन्हा सक्रिय करण्याची वेळ येऊ शकते, हेही त्यात धरावे.

तरीही काही परिस्थितींत वळणेच योग्य ठरते. जुना बोर्डच कुरकुरत असेल, रॅम ८ जीबीच असून तीही बदलायची असेल, किंवा ग्राफिक्स कार्ड इतके भारी असेल की ५८००एक्स३डी ही त्याला अपुरा पडावा, तर जुन्या बोर्डावर पैसे घालू नयेत. तिथे रायझन ५ ७६०० पासून सुरुवात करता येते. ७५००एफ मध्ये अंगभूत ग्राफिक्स नसतात, म्हणून ग्राफिक्स कार्ड बिघडले तर पडद्यावर काहीच येणार नाही, एवढे ठाऊक असावे. वरच्या टोकाला ७८००एक्स३डी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला ९८००एक्स३डी आहे. या दुसऱ्यात कॅशचा थर कोरच्या खाली नेल्यामुळे उष्णता बाहेर पडणे सोपे झाले. एएमडीने एएम५ सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवण्याचे जाहीर केले आहे, म्हणून आज स्वस्त प्रोसेसर घेऊन पुढे त्याच बोर्डावर चांगला बसवण्याची वाट खुली राहते.

इंटेलचा बोर्ड असेल तर

इंटेल सॉकेट लवकर बदलते, त्यामुळे वाव कमी असतो. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर सॉकेट दिसायला सारखे असूनही चालत नाही. दहाव्या पिढीचे एच४१० आणि बी४६० बोर्ड अकराव्या पिढीला घेत नाहीत. एलजीए१७०० हे सॉकेट मात्र उदार आहे: बाराव्या पिढीचा आय३ असलेल्या बोर्डावर बायॉस बदलून तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा आय५ बसतो. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरमध्ये अवाजवी व्होल्टेजमुळे कायमचा बिघाड होत असल्याचे २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले, सुधारित मायक्रोकोड (बायॉसमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या अंतर्गत सूचना) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर घेतल्यास आधी बायॉस अद्ययावत करावे, आणि वापरलेला तर शक्यतो घेऊच नये, कारण झालेली झीज मायक्रोकोडने भरून निघत नाही.

कूलर, खरेदी आणि बसवणी

५६०० सोबतचा लहान कूलर त्याला पुरतो, पण आवाज करतो. ५७००एक्स आणि दोन्ही एक्स३डी सोबत कूलर येत नाही. एक्स३डी मध्ये कॅशच्या थरामुळे उष्णता अडकते आणि ५८००एक्स३डी ची मर्यादाही ९० अंशांची आहे, म्हणून त्याला चार उष्णतानळ्यांचा उंच हवेचा कूलर द्यावा. कॅबिनेटमध्ये त्याची उंची मावते का, हे आधी मोजावे. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात खोलीचे तापमानच चाळिशीच्या आसपास असते. पुण्यातील कुणी ७० अंश दाखवले म्हणून तोच आकडा तिकडे अपेक्षू नये. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बहुधा बदलावा लागत नाही, कारण २६०० आणि ५६०० यांची विजेची भूक सारखीच आहे.

खरेदी करताना, मग ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा ऑनलाइन, सीलबंद पेटी आणि जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, आणि पेटीवरील क्रमांक प्रोसेसरवरील क्रमांकाशी जुळवावा. पेटीविना विकल्या जाणाऱ्या ट्रे प्रोसेसरला सहसा उत्पादकाची वॉरंटी नसते. त्यांत दुकानदार काय लिहून देतो, एवढाच आधार असतो. वापरलेला घेत असाल तर विक्रेत्यासमोर संगणकात चालवून पाहावा आणि तळाच्या पिना तिरक्या प्रकाशात न्याहाळाव्यात. एएम४ मध्ये १,३३१ पिना प्रोसेसरवरच असतात.

बसवण्याच्या आदल्या दिवशी विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी आणि ते तात्पुरते स्थगित करावे. प्रोसेसर बदलला की त्यातील टीपीएम (गुप्त किल्ल्या साठवणारा भाग) हेही बदलते, बोर्ड ते नव्याने तयार करण्याची परवानगी विचारतो, आणि की हाताशी नसेल तर डिस्कवरील सारे कुलूपबंद होते.

जुना कूलर काढण्यापूर्वी संगणक दहा-पंधरा मिनिटे खेळ चालवून तापवावा आणि मग बंद करून वीज काढावी. थर्मल पेस्ट मऊ झाली की कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवावा. सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. नवा बसवताना त्याच्या कोपऱ्यावरील सोनेरी त्रिकोण सॉकेटवरील खुणेशी जुळवावा, तरफ वर असताना तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. दाबावा लागला तर काहीतरी चुकले आहे. वाटाण्याएवढी पेस्ट मध्यभागी पुरते. कूलरचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत.

पहिल्यांदा चालू केल्यावर बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी पुन्हा चालू करावे, कारण अद्ययावत करताना ते मूळ स्थितीत गेलेले असते. ग्राफिक्स कार्डाला चालत असेल तर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) हाही चालू करावा. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये तापमान पाहत अर्धा तास खेळावे, आणि मग सुरुवातीला जिथे मोजले होते त्याच जागी, त्याच सेटिंगवर आकडे पुन्हा घ्यावेत. ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ टक्क्यांवर गेला असेल तर काम झाले. जुना प्रोसेसर नव्याच्या प्लॅस्टिकच्या खोबणीत पिना सांभाळून ठेवावा आणि नवा दोन आठवडे नीट चालल्यावरच विकायला काढावा. नव्यात दोष निघाला तर वॉरंटीतून बदलून येईपर्यंत संगणक त्याच्यावरच चालणार आहे.